शहरात एकच दिवस हातात असेल तर गाड्यांचं म्युझियम कसं गाठायचं, कोकणातून निघणाऱ्यांसाठी

कोकणातून माणूस शहरात जातो तो बहुतेक कामासाठीच, कुणाचं हॉस्पिटल, कुणाची परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचा व्हिसा, आणि त्यातून मधेच एक अख्खा किंवा अर्धा दिवस मोकळा मिळतो. घरात गाड्यांचं वेड असलेलं पोर असेल, नाहीतर आपल्यालाच ते वेड असेल, तर त्या दिवसात जुन्या गाड्या बघायला जाऊया असं ठरतं आणि तिथूनच गडबड सुरू होते. लॉजवर पोचल्यावर मोबाईल काढायचा, मॅपवर कार म्युझियम टाकायचं, जे पहिलं येईल तिकडे रिक्षा करायची, आणि मग फाटकाला कुलूप नाहीतर समोर सेकंड हँड गाड्यांचं दुकान. हे इतक्या लोकांच्या बाबतीत होतं की पायरीपायरीने लिहून ठेवावं असं वाटलं. क्रम महत्त्वाचा आहे, मधली पायरी गाळू नका.

१. आधी हातातले तास मोजा

म्युझियम शोधायच्या आधी हे करायचं. ट्रेन सकाळी अकराला पोचते आणि संध्याकाळी सातला परतीची आहे म्हणजे आठ तास मिळाले असं लोक धरतात, ते आठ तास नसतात. स्टेशनबाहेर पडणं, सामान ठेवणं, चहापाणी यात पाऊण तास जातो. जेवण एक तास. परतीच्या ट्रेनच्या आधी निदान पाऊण तास स्टेशनवर असायला हवं, सोबत म्हातारी माणसं असतील तर एक तास. जाण्यायेण्याच्या रस्त्यात दीड दोन तास. राहिले साडेतीन ते चार तास, हा आपला खरा वेळ, कागदावर लिहून काढा.

आता त्या वेळात काय बसतं ते बघा. खाजगी संग्रह, पंधरावीस गाड्यांचा, एक तासात नीट बघून होतो. मोठं वाहतुकीचं म्युझियम असेल तर तीन तास कमीत कमी. म्हणजे साडेतीन तासात एक मोठं किंवा जवळजवळची दोन छोटी, याच्या पुढे जाऊ नका. तीन ठिकाणं ठरवणारा माणूस तिन्ही अर्धवट बघतो आणि शेवटच्याला तर बाहेरून फोटो काढून परत येतो.

*सावधान:* पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात आणि वेळा सरकतात. मे महिन्यात बघितलेली वेळ जुलैत धरून प्लॅन करू नका. आणि ट्रेन लेट झाली तर काय सोडायचं हे आधीच ठरवून ठेवा, फलाटावर उतरून चर्चा करत बसलात की अर्धा तास तिथेच जातो.

२. नेमकं काय बघायचंय ते ठरवा

"गाड्या बघायच्यात" एवढ्यावर शोधलं तर काहीही हाती येतं. कुणाला राजेरजवाड्यांच्या रोल्स रॉईस बघायच्या असतात, कुणाला आपल्या वडिलांच्या काळातली फियाट आणि अँबॅसिडर, कुणाला ट्राम आणि बस, कुणाला रणगाडे, लहान पोरांना तर बऱ्याचदा आत बसता येईल असं काहीतरी हवं असतं आणि व्हिंटेज म्युझियममध्ये तेच करू देत नाहीत. पोर सहा वर्षाचं असेल तर दोरीपलीकडच्या पन्नास गाड्यांपेक्षा एखादं विज्ञान केंद्र त्याला जास्त रमवेल. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात जुनी ट्राम आणि वाफेचं इंजिन आहे, मोकळी जागा आहे, पोरं पळतात, तिकडे न्या.

आणि एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. फार मोलाची एखादीच गाडी कित्येकदा गाड्यांच्या म्युझियममध्ये नसतेच, ती कुणाच्या तरी स्मारकात उभी असते. दिल्लीत लालबहादूर शास्त्रींच्या स्मारकात त्यांची १९६४ ची फियाट आहे, पंतप्रधान असताना पंजाब नॅशनल बँकेतून ५,००० रुपयांचं कर्ज काढून घेतलेली. कोलकात्यात नेताजी भवनात ती वाँडरर गाडी आहे ज्यातून सुभाषबाबू जानेवारी १९४१ मध्ये घरातून निसटले. कार म्युझियम म्हणून शोधलंत तर ही दोन्ही ठिकाणं यादीत येणारच नाहीत. म्हणून ज्या शहरात जाताय तिथली स्मारकं, राजवाडे आणि लष्करी संग्रहालयं यांच्यात गाडी आहे का हे वेगळं शोधा.

३. शोध घ्या, पण शब्द बदलून बदलून

एकाच शब्दावर थांबू नका. मॅपवर आणि गुगलवर हे शब्द शहराच्या नावासोबत एकेक करून टाका, इंग्रजी स्पेलिंगमध्ये: व्हिंटेज कार, क्लासिक कार कलेक्शन, ऑटोमोबाइल म्युझियम, ट्रान्सपोर्ट म्युझियम, हेरिटेज मोटर, पॅलेस गॅरेज, टँक म्युझियम, रेल्वे म्युझियम, सायकल म्युझियम. रेल्वे आणि सायकल कशाला असं वाटेल, पण ज्याला यंत्रं आवडतात त्याला ती पण आवडतात, आणि पुण्यासारख्या शहरात तेच जास्त सोयीचं पडतं. कोथरूडला जोशींचं लहान रेल्वेगाड्यांचं म्युझियम आणि कर्वेनगरला विक्रम पेंडसे सायकल्सचं सायकल म्युझियम, दोन्ही एकाच बाजूला, अर्ध्या दिवसात आरामात होतात. सायकलवाल्या ठिकाणी आधी विचारून जा.

निकालात जे येईल त्यातली निम्मी नावं फसवी असतात. नावात ऑटो, वर्ल्ड, हब, गॅलरी, झोन असलेले शोरूम, जुन्या गाड्यांचे डीलर, मॉडिफिकेशनवाले, कार वॉशवाले सगळे एकत्र येतात. आता अहमदाबादजवळ कठवाड्याला ऑटो वर्ल्ड नावाचं खरंखुरं व्हिंटेज म्युझियम आहे, शंभरावर गाड्यांचं, नाव मात्र एखाद्या गॅरेजसारखं. म्हणजे नावावरून ना घेता येतं ना सोडता येतं. फोटो उघडून बघायचे. फोटोत गाडीच्या काचेवर किमतीचा कागद चिकटवलेला दिसला की ते दुकान. गाडीपुढे दोरी आणि माहितीची पाटी दिसली की म्युझियम.

*तपासा:* यादीत चारपाच नावं राहिली का? मग पुढे. दहा असतील तर अजून गाळा.

४. पत्ता खरा कुठे आहे ते बघा

शहराचं नाव आणि म्युझियमची जागा यात फार फरक असतो. गाड्या उभ्या करायला जागा लागते, जागा शहराबाहेर स्वस्त, म्हणून बरीचशी म्युझियमं वेशीबाहेर असतात. हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम दिल्ली-गुडगावचं म्हणून सांगतात, ते खरं हरियाणात तावडूला आहे, जयपूर हायवेवरून बिलासपूरला आत वळायचं. म्युझियम उत्तम आहे, चार मजले आहेत, पण दिल्लीतलं काम उरकून दुपारी दोनला तिकडे निघालात तर हाती काही लागणार नाही, त्याला अख्खा दिवस द्या. कठवाडा पण अहमदाबादच्या बाहेरच.

मॅपवर अंतर बघताना किलोमीटर बघू नका, वेळ बघा, आणि तो पण आत्ताचा बघू नका. रात्री दहाला घरी बसून बघितलं की चाळीस मिनिटं दाखवतो, सकाळी दहाला त्यालाच दीड तास लागतो. मॅपमध्ये निघायची वेळ टाकून बघता येतं, ते वापरा. परतीचा वेळ वेगळा बघा, तो बहुतेक वेळा जास्तच असतो.

५. फोन करा, आणि नीट प्रश्न विचारा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि नेमकी हीच लोक गाळतात. मॅपवर "उघडं आहे" असं हिरव्या अक्षरात दिसतं त्यावर विसंबून राहू नका, ती वेळ कुणीतरी कधीतरी भरलेली असते. सरकारी म्युझियम असेल तर एक वेळ चालून जाईल, पण खाजगी संग्रह म्हणजे मालकाच्या घराशेजारची शेड असते, तिकीट देणारा माणूस एकच असतो, तो जेवायला गेला की म्युझियम बंद.

फोनवर लोक काय विचारतात ते बघा. "हॅलो, म्युझियम चालू आहे का?" पलीकडून "हो, चालू आहे." झालं, फोन ठेवला. म्युझियम चालू आहे म्हणजे बंद पडलेलं नाही एवढंच त्याने सांगितलं. तुम्ही बुधवारी येताय हे त्याला कुठे माहीत.

असं विचारा: "दादा, आम्ही चार जण कुडाळहून येतोय, बुधवारी साधारण साडेअकराला पोचू. त्या वेळेला दाखवायला कुणी असेल का? तिकीट किती? दुपारी बंद असतं का? गाड्या सगळ्या जागेवर आहेत ना, की काही बाहेर गेल्यात? मोबाईलने फोटो काढले तर चालतात का? आणि शेवटचा प्रवेश किती वाजता?" आणि ज्यांच्याशी बोललात त्यांचं नाव विचारून घ्या. "अमुक दादांशी बोलणं झालं होतं" असं फाटकावर सांगितलं की वॉचमनचा सूर बदलतो, हे सगळीकडे चालतं.

गाड्या जागेवर आहेत का हा प्रश्न मुद्दाम घातलाय. खाजगी संग्रहातल्या गाड्या लग्नाला आणि शूटिंगला भाड्याने जातात. लग्नसराईत जी गाडी बघायला इतक्या लांबून आलात तीच वरात घेऊन गेलेली असू शकते. कधी कधी गाड्या एका गावाहून दुसऱ्या गावाला हलवलेल्या असतात. आपल्याकडची पुष्कळ मंडळी देवदर्शनाला कर्नाटकात धर्मस्थळला जातात, तिथे मंजूषा संग्रहालय आहे आणि जुन्या गाड्यांचा संग्रह आहे, पण तिथल्याच देवस्थानाच्या धर्माधिकाऱ्यांनी २०२३ मध्ये म्हैसूरजवळ श्रीरंगपट्टणच्या बाजूला पयण नावाचं नवीन कार म्युझियम उघडलं. त्यामुळे कुठली गाडी कुठे आहे हे निघायच्या आधी विचारलेलं बरं, दोन ठिकाणात अख्ख्या घाटाचं अंतर आहे.

फोन उचललाच नाही तर? दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला परत करा. तरी नाही उचलला तर मॅपवरचे रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावून वाचा, गेल्या महिन्याभरातला कुणाचा फोटो आहे का बघा. महिन्याभरात एकही फोटो नाही आणि फोनही लागत नाही, तर ते ठिकाण यादीतून काढा. हळहळ वाटली तरी काढा.

*सावधान:* सोमवार. दिल्लीचं राष्ट्रीय रेल्वे म्युझियम सोमवारी बंद, शास्त्री स्मारक सोमवारी बंद, तावडूचं हेरिटेज ट्रान्सपोर्ट सोमवारी बंद, गोव्यातलं बोगमाळोचं नौदल विमान म्युझियम सोमवारी बंद. मोकळा दिवस सोमवारीच पडत असेल तर सरकारी आणि मोठ्या म्युझियमांचा नाद सोडा आणि खाजगी संग्रहांना फोन लावा. मुंबईत आणिक आगारात बेस्टचं म्युझियम आहे, जुन्या ट्राम आणि बसगाड्यांची मॉडेलं, तिकीट मशिनं वगैरे, एसटीत हयात घालवलेल्या माणसाला दाखवावं असं, पण ते पण आठवड्यातले सगळे दिवस उघडं नसतं, वार विचारूनच जा. आखातात वेगळा हिशोब. खेड, दापोली, रत्नागिरीतली पुष्कळ मंडळी दुबई-शारजाला असतात आणि त्यांच्याकडे आठवडाभर गेलेले पाहुणे शारजा क्लासिक कार म्युझियमला जातात, तिथे शुक्रवारी सकाळी जाऊन उभं राहू नका, शुक्रवारच्या वेळा वेगळ्या असतात.

६. एक पक्कं, एक जोडीचं

यादीतलं एक ठिकाण पक्कं करा, ज्याच्यासाठी आपण जातोय. दुसरं त्याच्या जवळचं, झालं तर झालं अशा हिशोबाने. पक्कं ठिकाण दिवसाच्या पहिल्या भागात घाला. लोक उलटं करतात, जवळचं छोटं आधी बघू म्हणतात, तिथे रमतात, आणि मोठ्याला पोचतात तेव्हा शेवटचा प्रवेश संपलेला असतो.

हे प्रत्यक्षात कसं बसतं ते गोव्याच्या एका दिवसावर दाखवतो, कारण सिंधुदुर्गातून आणि रत्नागिरीतून सगळ्यात सोपं तेच आहे. दक्षिण गोव्यात तीन ठिकाणं आहेत. नुवेंला अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड, खाजगी व्हिंटेज गाड्यांचा संग्रह, मडगावहून पणजीच्या रस्त्याला. बाणावलीला गोवा चक्र, इथे इंजिनाच्या आधीची चाकं आहेत, बैलगाड्या, घोडागाड्या, रथ, पालख्या. आणि बोगमाळोला, दाबोळी विमानतळाच्या पलीकडे, नौदलाचं विमान म्युझियम, १९९८ साली सुरू झालेलं, मोकळ्यावर उभी केलेली खरी विमानं.

पावसाळ्याबाहेर सकाळची कोकणकन्या मडगावला दुपारच्या आत सोडते आणि संध्याकाळी मडगावहून परतीची कोकणकन्या मिळते. सामान कमी ठेवा. असलंच तर क्लोकरूममध्ये, पण बॅगेला कुलूप हवं आणि रेल्वेचं तिकीट जवळ हवं, नाहीतर घेत नाहीत. स्टेशनवरून थेट नुवें, सहासात किलोमीटर. तिथे तास सव्वा तास. तोवर जेवणाची वेळ होते, आणि दक्षिण गोव्यात दुपारी एक ते तीनच्या मधे पुष्कळ गोष्टी बंद असतात, तेव्हा हा वेळ जेवणालाच द्या, मडगावात परत या आणि निवांत मासे खा. तीननंतर बाणावली, तिथे माणूस सोबत फिरून माहिती सांगतो, ती पूर्ण ऐका. साडेपाचपर्यंत स्टेशनच्या वाटेला लागा.

बोगमाळो यात नाही. मडगावहून ते पंचवीसेक किलोमीटर आहे. विमानाने येणारजाणारे असाल, दाबोळीला उतरणार असाल, तर मात्र बोगमाळो पक्कं धरा आणि बाकीची दोन सोडा. तिन्ही एका दिवसात करायची असतील तर स्वतःची गाडी घेऊन पहाटे सावंतवाडीहून निघा, नऊला मडगाव, मग जमतं. ट्रेनने जमत नाही, कितीही घाई केली तरी.

७. जायची सोय झाली, परतीची?

ठिकाण वेशीबाहेर असलं की जाताना रिक्षा टॅक्सी मिळते, येताना मिळत नाही. म्युझियमच्या फाटकाबाहेर मोकळा रस्ता आणि मोबाईलला अर्धी रेंज. म्हणून जाणाऱ्या गाडीवाल्यालाच थांबायचे पैसे ठरवून घ्या, आधी ठरवा, उतरल्यावर ठरवू नका. चार माणसं असाल तर दिवसाची गाडी ठरवणं दोन वेळा टॅक्सी करण्यापेक्षा स्वस्तच पडतं.

गोव्यात स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, ती भाड्याची अधिकृत गाडी. पांढऱ्या पाटीची कुणाची तरी खाजगी गाडी शंभर रुपये कमी म्हणून घेतली तर पोलिस थांबवतात आणि तुमचा तास दीड तास रस्त्यावरच जातो. लायसन्स मूळ जवळ ठेवा नाहीतर मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये.

अलिबाग, मुरूड बाजूच्या मंडळींनी मुंबईत जायचं असेल तर मांडवा ते भाऊचा धक्का रोरो बोट बघा, २०२० पासून चालू आहे, गाडीसकट जाता येतं आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये जाणारा वेळ वाचतो. फक्त पावसात समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, त्या दिवशी सकाळी खात्री करून घ्या.

८. बॅगेत काय ठेवायचं

सगळ्यांची ओळखपत्रं, मूळ. लष्कराच्या आणि नौदलाच्या ठिकाणी फाटकावर मागू शकतात, अहिल्यानगरच्या रणगाडा म्युझियमला जाणार असाल तर हे विसरू नका. १९९४ पासूनचं ते म्युझियम आहे आणि तिथे रोल्स रॉईसची चिलखती गाडी बघायला मिळते, त्यामुळे फक्त रणगाडे म्हणून सोडू नका. सुट्टे पैसे ठेवा, खाजगी ठिकाणी क्यूआर असतोच असं नाही आणि असला तरी रेंज नसते. पाण्याची बाटली, कारण पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये भयंकर उकडतं. एक छोटा टॉर्च, मोबाईलचा चालेल, का ते पुढच्या पायरीत.

९. आत गेल्यावर

पहिली दहा मिनिटं मोबाईल खिशात ठेवा आणि नुसती एक फेरी मारा, थांबायचं नाही. कुठल्या पाचसहा गाड्यांजवळ परत यायचंय ते मनात धरा. मग परत जाऊन त्यांच्यासमोर वेळ घालवा. पहिल्या गाडीपासून प्रत्येकीचा फोटो काढत गेलेला माणूस विसाव्या गाडीला दमतो आणि चांगली गाडी बहुतेक शेवटच्या कोपऱ्यातच असते.

काय बघायचं? रंग आणि चकाकी नंतर. आधी गाडीच्या नाकाखाली वाका, रेडिएटरच्या खाली एक भोक दिसेल, हँडल घालून इंजिन चालू करायचं ते. दाराच्या खांबाकडे बघा, काही जुन्या गाड्यांत वळायची खूण दाखवायला लहानसा हात बाहेर पडायचा, त्याची खाच तिथे असते. चाकाचे आरे लाकडी आहेत का तारेचे. दाराखालची फळी, जिच्यावर पाय ठेवून चढायचं, तिच्यावरचं रबर मूळचं आहे का नवीन. नंबर प्लेटवर जुन्या मुंबई इलाख्याची अक्षरं आहेत का. आत टॉर्च मारा आणि पायाखालची पॅडलं बघा, रबर झिजलेलं असेल तर ती गाडी खरोखर चाललेली आहे. आणि तिथे डुक्कर फियाट, म्हणजे लोक डुक्कर म्हणायचे ती जुनी फियाट, असेल तर तिची पुढची दारं बघा, बिजागरी मागच्या बाजूला, म्हणजे दार उलटं उघडतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत नेलं असेल तर तिथे खुर्ची मागून घ्या, त्यांना त्या गाडीची एखादी तरी गोष्ट आठवतेच, आणि ती पाटीवर कुठे लिहिलेली नसते.

हात लावायचा नाही. कुणी बघत नाही म्हणून बॉनेटवर हात टेकून फोटो काढतात, घामाने जुना रंग आणि क्रोम खराब होतं. दोरी ओलांडायची नाही, पोराला गाडीवर बसवायचं नाही. मात्र विचारायला लाजू नका. गाड्या पुसणारा, इंजिनं चालू करणारा एक माणूस प्रत्येक संग्रहात असतो, त्याला "यातली चालू कुठली आहे?" एवढं विचारा. खूश होतो माणूस, कधी कधी बॉनेट उघडून दाखवतो. मालकापेक्षा जास्त माहिती त्याच्याकडे असते असा माझा अनुभव आहे.

*तपासा:* घड्याळ. ठरलेल्या वेळेला अर्धा तास राहिला की राहिलेल्या गाड्या भराभर बघून घ्या आणि बाहेर पडा.

१०. म्युझियम जमलंच नाही तर

असं होतं, आणि त्यासाठी पर्याय आधीच खिशात हवा. शहरात त्याच दिवशी काही कार्यक्रम आहे का ते निघायच्या आठवडाभर आधी बघा. मुंबईत व्हिंटेज गाड्यांची रॅली थंडीच्या दिवसात निघते, दिल्लीत पण निघते, रस्त्याच्या कडेला उभं राहून फुकटात चालत्या गाड्या बघायला मिळतात आणि चालती गाडी बघण्यात जी मजा आहे ती उभ्या गाडीत नाही. कोल्हापूरला दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक गाडी दसरा चौकात येते. राजापूर, वैभववाडी, कणकवलीकडून घाट चढून जाणाऱ्यांना ती एक संध्याकाळ साधणं फार अवघड नाही, पण दुपारी लवकर पोचा, नंतर चौकात पाय ठेवायला जागा नसते आणि गाड्या लांब उभ्या कराव्या लागतात.

कारखाना बघायला मिळेल म्हणून जाऊ नका. आधी लेखी परवानगी नसेल तर कंपनीच्या फाटकावरून परत पाठवतात, आणि बरोबर शाळकरी पोर असेल तर त्याचा फार हिरमोड होतो. शाळेमार्फत, कॉलेजमार्फत पत्र देऊन गटाने परवानगी मागितली तर मिळण्याची शक्यता असते, त्याला महिनाभर आधी सुरुवात करा. आणि मुंबईत गेल्यावर काळ्यापिवळ्या पद्मिनीत पोराला बसवू असं अजून कुणाच्या डोक्यात असेल तर ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ नंतर रस्त्यावर राहिलेली नाही, तो बेत काढून टाका.

११. परत आल्यावर दहा मिनिटं

म्युझियमच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो काढलेला असतो ना, वेळा आणि तिकिटाचे दर असलेला, तो मॅपवर चढवा. वेळ चुकीची दिसत असेल तर दुरुस्ती सुचवा, फोन नंबर बदललेला असेल तर तो पण. रिव्ह्यूमध्ये "छान आहे, नक्की जा" एवढंच लिहू नका. कुठल्या वारी, किती वाजता गेलात, किती गाड्या बघायला मिळाल्या, दुपारी बंद होतं का, परतीला गाडी मिळाली का, संडास होता का, व्हीलचेअर आत जाते का, हे लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालतं, आपल्याकडचाच कुणीतरी पुढच्या आठवड्यात देवगडहून नाहीतर गुहागरहून निघायच्या आधी ते वाचणार असतो.